बाबांनी वाटलेली जीप

आमच्या बाबांनी एक अख्खी जीप वाटली. विकली नाही हं, वाटली. ज्याने हात पुढे केला त्याच्या हातावर ठेवली, थोडी थोडी करून, चाळीस वर्षं.

जीप महायुद्धातली. लष्कराने लिलावात काढली तेव्हा रोह्यातल्या एका भातगिरणीच्या मालकाने घेतली. बाबा त्याच्याकडे ड्रायव्हर. गिरणी बंद पडली तेव्हा मालक म्हणाला, गाडी तूच ने, माझं ती ऐकतही नाही. बाबांनी ती घरी आणली आणि तेव्हापासून आमच्या अंगणात गावाचं वर्कशॉप सुरू झालं. कोणाच्या विहिरीचा रहाट निखळला, कोणाच्या बैलगाडीचं जू हललं, की तो माणूस सरळ जीपपाशी यायचा. बाबा पाना घेऊन खाली वाकायचे, एक बोल्ट काढायचे आणि म्हणायचे, "घे. जुनं पोलाद हाय, तुझ्या नातवाला पुरेल." जीपच्या भोकात मग तार, नाहीतर सुंभ, नाहीतर लाकडाची खुंटी. एकदा तर चक्क पेरूची फांदी होती.

माझ्या लग्नाच्या दिवशी सकाळी त्यांनी क्लचच्या दांड्याची पिन मांडववाल्याला दिली. त्याचा खांब डुगडुगत होता म्हणे. सासर रोह्यातच, दोन आळ्या पलीकडे. पण नवरीने चालत कसं जायचं? मी मांडववाल्याच्या टेम्पोतून गेले, पातेल्यांच्या मधोमध, मांडीवर झारा. तो राग माझ्या मनात अजून आहे, आणि मी तो कधी लपवलेला नाही. बापाने गावाला सगळं द्यावं आणि लेकीला झारा?

देवाची करणी अशी, की पुढे मी नट-बोल्टचंच दुकान टाकलं. रोह्यात, स्टँडच्या बाजूला. बावीस वर्षं झाली. बोल्ट फुकट देत नाही, एवढं एक तत्त्व मी पाळलं.

बाबा आता चौऱ्याऐंशीचे. आई गेल्यावर त्यांना मी माझ्याकडे आणलं, आणि त्यांच्याबरोबर जीपही आली, दुकानामागच्या शेडमध्ये. गाडी चालवणं त्यांनी सोडलं होतं, हात थरथरतो. पण रोज संध्याकाळी ते स्टिअरिंगवर बसायचे, तिथेच चहा प्यायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला तिथूनच हाका मारायचे. बाकी दिवसभर माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला. जेव म्हटलं तर भूक नाही, बोल म्हटलं तर काय बोलू.

आणि अशात गाडीच्या कागदांची मुदत संपली. दोनच रस्ते होते. एक, जुन्या वाहनांची वेगळी नोंदणी असते ती करून घ्यायची. त्यासाठी गाडी मूळ रूपात आहे असं तपासणीत ठरायला हवं. दुसरा रस्ता भंगारात. गाडी गेली तर बाबा त्या भिंतीकडचं तोंड पुन्हा वळवणार नाहीत, हे मला कोणी डॉक्टरने सांगायला नको होतं. मला भीती वाटली.

पहिलं काम केलं ते म्हणजे गाडी माझ्या नावावर करून घेतली. बाबांनी मुकाट्याने सही केली. मी म्हटलं, "आता ध्यानात ठेवा. गाडी माझी. ह्यातला एक वॉशरसुद्धा कोणाला द्यायचा नाही."

"नाय देत," बाबा म्हणाले. इतक्या गरीब चेहऱ्याने, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मग मी मुंबईहून एक जाणकार बोलावले. जुन्या लष्करी गाड्या गोळा करणारे. गुडघ्यापर्यंत पँट आणि हातात भिंग. त्यांनी जीपभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि प्रत्येक फेरीत त्यांचा चेहरा अधिकाधिक सुतकी होत गेला. "बाई, बॉडी मूळची आहे, चासी मूळची आहे. पण हे बोल्ट! हा बोल्ट कालचा आहे. हा परवाचा. आणि हा तर बोल्टच नाही, ही खुंटी आहे."

त्यांनी मला शिकवायला घेतलं. मला! की त्या काळचे आटे इंचाचे, आताचे मिलिमीटरचे. त्या काळच्या बोल्टच्या डोक्यावर कारखान्याची उठावदार खूण असायची. स्क्रूची खाच सरळ एक रेघ, अधिकच्या चिन्हासारखी नव्हे. रंग काळपट, मंद. चकाकणारा जस्ताचा मुलामा म्हणजे पाप. "एक बोल्ट जरी चुकला ना, तर गाडी नापास," असं म्हणून त्यांनी तीन पानी यादी माझ्या हातात दिली आणि आमच्याकडचं सोलकढीचं अख्खं पातेलं संपवून गेले.

बोलले ते मात्र खरं होतं, मी रात्रंदिवस बोल्टच विकते, मला कळत होतं. मी बाजार पालथा घातला. पेणचे भंगारवाले झाले, फोनवर मुंबई झाली, पंजाब झाला. एकाने "अस्सल युद्धकाळातला" म्हणून पाठवलेल्या बोल्टला मी जरा तार-ब्रश मारला, तर खालून नवंकोरं जस्त निघालं. चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारा केला होता मेल्याने. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं, खरे बोल्ट बाजारात शोधतेस कशाला? ते रोह्यात आणि पेणमध्येच आहेत. लोकांच्या घरात. तुझ्या बापाने दिलेले.

पण कोणाकडे, हे बाबा सांगेनात. "दिलं ते दिलं. आता काय विचारायचं?" मी दोन दिवस गोड बोलून पाहिलं. तिसऱ्या दिवशी शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "जाऊ दे गं, त्यांना आता कुठलं आठवायला. वय झालं." बाबा ताडकन उठून बसले. सकाळची गोळी घेतली की नाही हे ज्यांना आठवत नाही, त्यांनी एका बैठकीत तीन पानं भरतील एवढी नावं सांगितली. कोणाला, कशाला, कुठल्या चाकाजवळचा, आणि त्या दिवशी घरात कसली भाजी होती. मी लिहून घेत होते आणि मनातल्या मनात हसत होते.

सुरुवात घरामागच्या काकूंपासून केली. त्यांच्या माजघरातल्या झोपाळ्याचे दोन बोल्ट आमच्या बंपरचे. मी नवे बोल्ट पदराखाली घेऊन गेले आणि म्हटलं, "काकू, झोपाळा किती कुरकुरतोय हो, तेल घालून देते." स्टुलावर चढले, दहा मिनिटांत अदलाबदल केली, ग्रीस लावलं, उतरले. वर त्यांच्या हातचा लाडूही खाल्ला. चोरी करून लाडू खायचा, तोही मागून घेऊन. माझी मलाच कमाल वाटली.

आठव्या दिवशी काकू दुकानात हजर. डोळे सुजलेले. "काय केलंस गो माझ्या झोपाळ्याला? कुरकुरतच नाय. तीस वर्षं त्या आवाजावर दुपारची झोपतेय मी. आठ दिवस डोळ्याला डोळा नाय!" मग मी परत गेले, ग्रीस पुसलं, दोन-तीन जातीचे वॉशर घालून पाहिले. काकू खाली बसून डोळे मिटून ऐकत होत्या. "नाय, हा बारीक आहे. नाय, हा उंदरासारखा. हां! हा आमचा!" असं म्हणून त्या तिथेच आडव्या झाल्या. बोल्ट बदललाय हे त्यांना आजही माहीत नाही.

पेणला मात्र चोरी जमणार नव्हती. तिथे बाबांचे एक जुने स्नेही, गणपतीच्या कारखान्याचे मालक. मोठ्या मूर्तीच्या साच्याचे दोन भाग आवळायला त्यांनी आमच्या बॉनेटचे चार बोल्ट नेले होते. मी सरळ मागितले. ते म्हणाले, "अगो, बाबांसाठी काय पण! सोमवारी ये. असे मळके नाय देणार." मी म्हटलं, मळकेच द्या. तर त्यांनी कानाला हात लावले. कारखान्यातून बाहेर जाणारी वस्तू पूर्ण करूनच जाते, अशी त्यांच्या आजोबांपासूनची रीत.

सोमवारी गेले. लाल कापडावर चार बोल्ट मांडलेले. घासलेले, अस्तर दिलेले, सोनेरी रंगाचे आणि कडेने तांबूस छटा मारलेले. डोक्यावरची ती जुनी खूण बारीक ब्रशने वेगळ्या रंगात उठवलेली. रंगवणारा कारागीर अभिमानाने बाजूला उभा. "ताई, शेडिंग बघा." मी काय बोलणार? "छान झालंय हो," म्हटलं आणि घरी येऊन दोन दिवस थिनरमध्ये बुडवून ठेवले. तरी एका बोल्टच्या खाचेत अजून सोनं आहे, ते काही निघत नाही.

शेवटी राहिले दोन लांब बोल्ट. मागच्या स्टेपनीच्या ब्रॅकेटचे, सबंध जीपमधले सगळ्यात लांब, यादीत लाल शाईने अधोरेखित. ते पेणच्या खाडीकडे, एका मिठागराच्या उघाडीला होते. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीचं पाणी आत घ्यायचं तेव्हा उचलायचं, नको तेव्हा पाडायचं. त्या दाराच्या पट्ट्या बाबांच्या बोल्टवर उभ्या.

मिठागरवाला माझ्याच वयाचा. त्याने माझ्याकडे, माझ्या चपलांकडे आणि माझ्या हातातल्या चकाचक स्टीलच्या बोल्टांकडे आळीपाळीने पाहिलं. "ह्या बोल्टांवर माझ्या बापाचं मीठ पिकलंय. देतो. पण काढायचे तुमी. आमी हात लावणार नाय." आणि बांधावर उकिडवा बसून बिडी पेटवली.

ओहोटी लागल्यावर मी चिखलात उतरले. गुडघाभर. एक चप्पल तिथे राहिली ती राहिलीच. गंजाने नट आणि बोल्ट एकजीव झालेले. डिझेल ओतलं, हातोडी मारली, पाना लावून लोंबकळले, ज्याने हे दिले त्याच्या नावाने शिव्या घातल्या. तो माझा बाप आहे हे मध्येच आठवलं, तरी थांबले नाही. पाणी परत चढायला लागलं तेव्हा दुसरा बोल्ट सुटला आणि मी पाठीवर पडले. उठून त्यांच्या जागी माझे स्टीलचे कसले. बांधावरून आवाज आला, "बापाची पोर हायस खरी." ते कौतुक होतं की काय, मला अजून कळलेलं नाही.

असे आठ महिने गेले. सगळे बोल्ट बसले. बाबा रोज शेडमध्ये येऊन बघायचे, "हा डावीकडचा, तो उजवीकडे कशाला लावलास?" असं ओरडायचे, दोन पोळ्या जास्त खायचे. तपासणीची तारीख मिळाली, पेणच्या आरटीओत, अकरा वाजता.

त्या सकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, टोपी घातली. मी चालवत होते. जीप अशी सुरू झाली की जणू कालच लिलावातून आणली. नागोठणे मागे टाकलं, हायवेला लागलो, थोडं पुढे गेलो, आणि बाबा म्हणाले, "थांब जरा गो."

"आत्ता? काय झालं?"

"म्हाताऱ्या माणसाला काय होतं? थांब."

मी गाडी कडेला घेतली. बाबा काही उतरले नाहीत. समोर वीस पावलांवर एक टेम्पो उभा होता. त्याचा मागचा फाळका एका बाजूला लोंबत होता, बिजागरीचे दोन्ही बोल्ट तुटलेले. आत मासळीच्या पेट्या, बर्फाचं पाणी टपटपतंय. ड्रायव्हर सुतळी बांधत होता आणि सुतळी तुटत होती. मासेवाल्या बाई कमरेवर हात ठेवून त्याच्या सात पिढ्या काढत होत्या. पेणचा बाजार गाठायचा होता त्यांना. बर्फ काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हता.

मला पाहून त्या म्हणाल्या, "बघतेस काय गो बाय? लांब बोल्ट हाय का दोन? नायतर जा, उगा वाट नको अडवू."

मी सीटखाली पाहिलं, हत्यारांची पेटी पाहिली, पर्स पाहिली. नट-बोल्टच्या दुकानाची मालकीण, आणि जवळ एक सुटा बोल्ट नाही! त्या फाळक्याला लागेल इतका लांब बोल्ट त्या रस्त्यावर एकाच ठिकाणी होता. आमच्या स्टेपनीला.

मी बाबांकडे वळले. आता हे उठणार, पाना मागणार, आणि मी नाही म्हणणार. मी वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं. आठ महिने, बाबा. गुडघाभर चिखल, बाबा.

बाबा हलले नाहीत. दोन्ही हात मांडीवर, नजर समोर. "माझ्याकडं काय बघतेस?" ते म्हणाले. "गाडी तुझ्या नावावर हाय."

मी घड्याळ पाहिलं. अकराला वीस मिनिटं कमी. एक बोल्ट चुकला तर नापास, नापास म्हणजे भंगार, आणि भंगार म्हणजे ही भिंत, हे अंथरूण, हा माणूस. सगळं डोळ्यांपुढून गेलं. त्या बाईंनी एक पेटी उघडली, आत हात घातला, बर्फ किती उरलाय ते चाचपलं, आणि पहिल्यांदाच गप्प झाल्या. ते मला बघवलं नाही. शिव्या घालत होत्या तोवर बरं होतं.

"मरू दे!" असं मी केवढ्यांदा तरी ओरडले, पाना घेतला आणि मागे गेले. स्वतःच आवळलेले नट, त्यामुळे सुटायलाही वेळ लागेना. दोन्ही बोल्ट फाळक्याला ठोकले, नट कसले, एक लाथ मारून पाहिली. पक्कं बसलं होतं. जीपचा ब्रॅकेट त्यांच्याच तुटक्या सुतळीने बांधला आणि स्टेपनी उचलून मागच्या सीटवर टाकली. बाईंनी नाव विचारलं नाही, आभार मानले नाहीत. दोन मोठे बांगडे पिशवीत घालून बाबांच्या मांडीवर टाकले आणि म्हणाल्या, "लेक तिखट हाय तुमची." बाबा म्हणाले, "व्हय."

आम्ही अकरा वाजून दहा मिनिटांनी पोचलो. हातांना काळं तेल, गाडीला मासळीचा वास, मागे सुतळी. तपासणीस साहेब तरुण होते. त्यांनी चासीचा नंबर पाहिला, इंजिनाचा नंबर पाहिला, कागद उलटसुलट केले, दोनदा नाकाला रुमाल लावला. मग मागे गेले आणि त्या दोन रिकाम्या भोकांपाशी थांबले. एका भोकात बोट घातलं.

"हे कुठे गेले?"

"दिले एकीला. रस्त्यात," मी म्हटलं. "साहेब, बाकीचे सगळे त्या काळचे आहेत. एकेक बघून घ्या. यादी आहे माझ्याकडे, तीन पानं..."

"बोल्टांची यादी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, आम्ही नंबर जुळतात का बघतो, ढाचा बदललाय का बघतो. बोल्ट कोण मोजतं?" आणि कागदावर लिहिताना, "हे दोन बसवून घ्या मात्र. कुठल्याही दुकानात मिळतील."

गाडी पास झाली. मी जीपच्या पायरीवर बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडायलाही लागले, ते कोणाला कळू नये म्हणून आणखी मोठ्याने हसले. त्या भिंगवाल्याला मनातल्या मनात ज्या काय शिव्या वाहिल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

परत निघालो. पेणबाहेरची रामवाडी ओलांडली. बाबा बांगड्यांची पिशवी सांभाळत, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या बघत बसले होते. मला राहवेना.

"बाबा, तुम्हाला थांबायचं होतं म्हणून गाडी थांबवली ना मी? मग उतरला का नाहीत?"

"मला कुठं उतरायचं होतं."

"म्हणजे? टेम्पो दिसला म्हणून थांबवलंत?"

"लांबूनच दिसला. फाळका बघितला."

"मग स्वतः का नाही दिलेत बोल्ट? मी काय तुमचा हात धरला असता?"

बाबांनी टोपी काढली, केसांवरून हात फिरवला, परत घातली.

"मी दिला असता, तर मरेपर्यंत बोलली असतीस मला," ते म्हणाले. "आता बोल कोणाला बोलतेस ते."